निवृत्त फौजी वडिलांना झोप लागत नाही, डॉक्टर नको म्हणतात. कुणाला न कळता वापरता येईल असं काही आहे का?

आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं ‘पीटीएसडी कोच’ हे मोफत ॲप २०११ पासून आहे; पीटीएसडी म्हणजे युद्धासारख्या आघातानंतर मनावर टिकून राहणारा त्रास. खातं उघडावं लागत नाही. फौजी माणसाला हेच मोठं, कारण ‘रेकॉर्डवर जाईल’ ही धास्ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. श्वासाचे व्यायाम, स्नायू सैल सोडण्याचा सराव, लक्षणं स्वतः तपासायची प्रश्नावली त्यात मिळते. नुसती झोपेची तक्रार असेल तर त्यांचंच ‘इन्सोम्निया कोच’ बरं; त्यात झोपेची रोजची नोंद ठेवता येते. इंग्रजी मात्र लागतं, त्यामुळे एकदा शेजारी बसून दाखवा, मग फोन त्यांच्याकडेच राहू द्या. मराठीत बोलायचं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट. जगणं नको अशी भाषा निघाली तर मात्र ॲपवर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.