पिल्लं झाली, पुढे काय?

अगं, तुझा मेसेज मिळाला, फोटोपण बघितला. बिबट्याचं पिल्लू मांडीवर, हातात दुधाची बाटली आणि खाली लिहिलंयस, सर मला हेच करायचंय आयुष्यभर. फोटो गोड आहे, खोटं कशाला बोलू. पण बाटलीवर वाढलेलं पिल्लू परत जंगलात जाणं जवळजवळ अशक्यच, माणूस दिसला की दूध येतं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. म्हणून तर जुन्नरकडे ऊसतोडीत पिल्लं सापडली की लगेच उचलून नेत नाहीत, तपासणी करून संध्याकाळी त्याच फडात क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जाऊन बसतात, रात्री आई येते आणि एकेक उचलून नेते. तिथे फोटो निघालाच तर तिचा निघतो, आपला नाही.

तू विचारलंयस की झूमध्ये ब्रीडिंगचं काम नक्की काय असतं. तर वहीचं असतं. स्टडबुक म्हणतात त्याला, कोणता प्राणी कुठून आला, आई कोण, बाप कोण, कातडीखाली बसवलेल्या चिपचा नंबर काय, कधी मेला, कशाने मेला. एखाद्या जातीचे मोजकेच प्राणी पिंजऱ्यात उरलेले असले की जोड्या या वहीवरून लावायच्या, वधूवर सूचक मंडळच समज, फक्त आपल्याकडे मामाची मुलगी चालते, इथे नाही चालत.

वही चुकली की काय होतं ते सिंहांचं बघ. अमेरिकेतल्या झूंनी मोठ्या हौसेने आशियाई सिंहांचा प्रोग्राम चालवला होता, सगळी पिढी पाच मूळ सिंहांपासून वाढवलेली. १९८७ मध्ये जेनेटिक तपासणीचा पेपर आला आणि कळलं की त्या पाचातले दोन आफ्रिकन वंशाचे. म्हणजे इतकी वर्षं जी पिल्लं झाली, ज्यांची बारशी झाली, पेपरात फोटो आले, ती गीरच्या सिंहाच्या कामाची नव्हतीच. आपल्याकडेही चंदीगडजवळच्या छतबीर झूमध्ये असेच संकरित सिंह भरमसाट वाढले होते, शेवटी नरांची नसबंदी करून ती पिढी आपोआप संपू द्यायची असं ठरलं. सिंहांची काय चूक होती सांग. पण नोंद नसलेलं किंवा खोट्या नोंदीचं जनावर खातं तेवढंच, जागा अडवतं तेवढीच, उपयोग मात्र शून्य.

आता माझीपण एक ऐक, तुला कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे काळविटांचा कळप होता, एकाच आवारात दोन मोठे नर सोडलेले, जागा नव्हती म्हणून, आणि मीही म्हटलं काय फरक पडतो, राहू दे. चार वर्षं पाडसं होत राहिली आणि मी रजिस्टरमध्ये दर वेळी तेच लिहिलं, वडील अज्ञात. मग एका झूने एक्सचेंजसाठी माद्या मागितल्या, त्यांच्या माणसाने वही चाळली, बंद केली, चहा प्यायला आणि माद्या न घेता निघून गेला. एक शब्द बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. वर पिंजऱ्यात पाडसांची गर्दी ती वेगळीच, जास्त पिल्लं हीसुद्धा अडचणच असते हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

तुझा तो मित्र म्हणतो ना सगळे झू बंद करा, त्याला अरबी ओरिक्सचं सांग, लांब शिंगांचं वाळवंटी हरीण ते. १९७२ ला ओमानमध्ये जंगलातलं शेवटचं मारलं गेलं, पण दहाएक वर्षं आधी काही जनावरं अमेरिकेत फिनिक्सच्या झूमध्ये नेऊन ठेवली होती म्हणून १९८२ ला परत वाळवंटात सोडायला काहीतरी हातात होतं. पण त्याला पुढचंही सांग, नव्वदच्या दशकात तिथे चोरटी शिकार सुरू झाली आणि सोडलेला कळप पुन्हा संपत आला. ज्या कारणाने जनावर गेलं ते कारण तसंच ठेवून पिल्लं सोडणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं.

या बाबतीत मला आपली गिधाडवाली मंडळी आवडतात. ढोरांना डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध द्यायचे, ढोर मेलं की मांस गिधाडांच्या पोटात, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं पटापट मेली, पांढऱ्या पाठीची तर शंभरातलं एकही उरलं नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, ती आणि हरियाणा वनखातं यांचं पिंजोरचं गिधाड केंद्र २००१ पासूनचं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं, म्हणजे कोंबड्यांसारखं नाही हे. मग पहिलं अंडं काढून इनक्युबेटरमध्ये ठेवतात म्हणजे जोडी दुसरं घालते. खायला द्यायचा बकरासुद्धा आधी काही दिवस बांधून ठेवतात, अंगात औषध असेल तर निघून जावं म्हणून. एवढी वर्षं हे चाललं तेव्हा कुठे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला थोडी गिधाडं आली. त्यातली काही मेलीसुद्धा. होतं असं, ती नोंदपण त्याच वहीत.

(कॅलिफोर्नियाचा काँडर, म्हणजे तिकडचं मोठं गिधाडच, त्याची गंमत माहितीये का? १९८७ ला जंगलातला शेवटचा पकडून आणला तेव्हा जगात सगळे मिळून २७च उरले होते, पिल्लांना माणूस दिसू नये म्हणून हातात काँडरच्या तोंडाची बाहुली घालून भरवायचे, पण पकडल्यावर पक्षी स्वच्छ करण्याच्या नादात फक्त त्याच्याच अंगावर राहणारी एक ऊ कायमची नष्ट केली. पक्षी वाचवला, ऊ गेली. परीक्षेत विचारणार नाहीत, पण लक्षात ठेव.)

तर झूमध्ये लागलीस की पहिले सहा महिने पिंजऱ्यात जायचा हट्ट धरू नकोस, ऑफिसात बसून जुनी रजिस्टरं वाच. मृत्यूच्या नोंदी आधी. मग सकाळी सातला जनावरांची देखभाल करणाऱ्या जुन्या कीपरबरोबर राउंड मार, त्याला काका म्हण, डॉक्टरकी दाखवू नकोस. रात्री किती मांस टाकलं आणि सकाळी किती उरलं हे तो सांगेल ते त्याच्यासमोरच लिहून घे, जेवणानंतर आठवून लिहू नकोस, मी तेच करायचो. आणि गमबूट स्वतःचे घेऊन जा, तिथले कधीच मापाचे नसतात.