वही कुणाच्या अक्षरात आहे?

"ताई, मी चार वर्षं कपड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये लेडीज सेक्शनला आहे. पगार 11,500. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभंच राहायचं, काउंटरमागे स्टूल ठेवलेलं चालत नाही. पाय सुजतात. आठ महिन्यांपूर्वी नवीन मॅनेजर आले आणि सगळ्यासाठी पगारातून कट सुरू झाला. दहा मिनिटं उशीर झाला की हाफ डे. स्टॉक मोजताना पीस कमी भरला तर फ्लोअरवरच्या सगळ्या मुलींच्या पगारातून. एक एकोणीस वर्षांची मुलगी नवीन आहे, ती तर ट्रायल रूममध्ये जाऊन रडते. माझं अक्षर चांगलं म्हणून कटची वही सर माझ्याकडेच देतात. मागच्या महिन्यात माझाही 1,400 चा कट झाला. बाकीच्या मुली हल्ली मला डबा खायला बोलवत नाहीत, काय झालंय कळत नाही. नवरा म्हणतो, आहे ती नोकरी सोडू नकोस. सोडू की सहन करू?"

(पत्र बरंच मोठं होतं, जागेअभावी कमी केलं आहे.)

सोडायचं की सहन करायचं ते नंतर बघू. मी अडकले आहे तुझ्या मधल्याच एका वाक्यावर. कटची वही तुझ्याकडे असते.

अक्षर चांगलं म्हणून! अगं, फळ्यावर सुविचार लिहायचा असेल तर अक्षर बघतात. पगार कापायला सुंदर अक्षर कशाला लागतं? त्या माणसाला स्वतःचं अक्षर त्या वहीत नको आहे, एवढंच.

वहीचं एखादं पान डोळ्यांसमोर आण. तारीख, नाव, कारण, रक्कम, सही. तारीख तू घालतेस. नाव तू लिहितेस. कारणाच्या रकान्यात 'लेट' किंवा 'पीस शॉर्ट' हेही तूच लिहितेस आणि मग वही पुढे सरकवून 'इथे कर गं सही' म्हणणारीही तूच असणार. त्या पानावर सर कुठे आहेत? उद्या कामगार कार्यालयातून कुणी येऊन वही मागितली, तर ते शांतपणे म्हणतील, हे सगळं त्या मॅडम बघतात. आणि मॅडम म्हणजे तू, 11,500 पगारवाली.

मुली डब्याला का बोलवत नाहीत हे तुला खरंच कळत नाही? मला तर तिसऱ्या ओळीतच कळलं. आठ महिने त्यांचे पैसे तुझ्या हाताने कमी होत होते, तोवर तुझं पत्र आलं नाही. तुझे 1,400 गेले आणि आलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलावलं नसतं. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. सरांनी वही दिली तेव्हा जरा बरं वाटलं असेल, आपल्यावर विश्वास आहे, आपण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या, असं. साडेअकरा तास उभं राहणाऱ्या बाईला तेवढंही कुणी देत नाही, म्हणून तर ते इतकं स्वस्तात देता येतं.

आता ज्या नोंदी तू करतेस त्यांच्याबद्दल. वेतन संहिता, 2019 हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर लागू आहे. गैरहजेरीचा पगार कापायचा तर जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता तेवढ्याच वेळाचा. दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापता येत नाही. माल हरवला तर तो माल त्या व्यक्तीच्या ताब्यात दिलेला असायला हवा, तो थेट तिच्याच हलगर्जीपणामुळे गेलेला असायला हवा, आणि कापण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. एक कुर्ता कमी भरला म्हणून सगळ्या फ्लोअरवर वाटून टाकायचा, हे यात कुठे बसतं? दंड म्हणून कापायचं तर कशाकशासाठी दंड होईल हे आधी मंजूर करून जाहीर करावं लागतं, आणि महिन्याला पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त दंड घेता येत नाही. तुझ्या पगारावर तो होतो 345 रुपये. तुझे 1,400 गेले. यातलं बरंचसं 1936 च्या जुन्या कायद्यातही होतंच, सरांना ते नवीन असायचं कारण नाही. सही घेतली की कट पक्का झाला अशी तुम्हा सगळ्यांची समजूत दिसते. तसं होत नाही. हक्काचे पैसे सोडून दिल्याचा करार कायद्यात रद्दबातल धरला जातो.

स्टुलाचं म्हणशील, तर कोळिकोडच्या दुकानांतल्या बायका बसायला मिळावं म्हणून काही वर्षं भांडल्या. केरळने 2018 मध्ये कायदा बदलला, 2021 मध्ये तमिळनाडूने. त्या बायका एकत्र भांडल्या. तुमच्याकडे एकत्र डबाही खाल्ला जात नाही, तिथे स्टूल कोण मागणार?

तेव्हा एकच काम कर. या वेळी सर वही पुढे करतील तेव्हा ती हातात घेऊ नकोस. म्हण, "सर, ही वही यापुढे तुम्हीच लिहा." बास. का, असं विचारलं तर तेच वाक्य पुन्हा म्हण. वर लिहिलेला कायदा ऐकवायला जाऊ नकोस, तो तुझ्या माहितीसाठी आहे. आणि हे केबिनमध्ये बोलू नकोस, फ्लोअरवर बोल, सकाळी सगळ्या जमलेल्या असताना. केबिनमध्ये बोललीस तर तिथल्या तिथे तुला गोड बोलून वही परत हातात देतील.

त्रास होईल का? होईल. तुला गोडाऊनला टाकतील, साप्ताहिक सुट्टी हवी त्या दिवशी देणार नाहीत, वही दुसरीला देतील. देऊ देत. ती दुसरी तुझं वाक्य ऐकून उभी असेल, तिला ते म्हणणं तुझ्यापेक्षा सोपं जाईल. एकदा सरांना स्वतःच्या हाताने 'पीस शॉर्ट, आठ जणी' असं लिहून खाली स्वतःची सही करायची वेळ आली, की पीस आपोआप कमी हरवू लागतील, असा माझा अंदाज आहे.

नवऱ्याचं सोड, त्याला महिनाअखेरीचा आकडा दिसतो, पान दिसत नाही. आणि नोकरी सोडण्याचं वही परत केल्यावर ठरव. तशीच उठून दुसऱ्या दुकानात गेलीस तर तिथेही तुझं अक्षर चांगलंच असेल.

वही परत केल्याच्या दिवशी मुली लगेच सरकून जागा देतील अशी अपेक्षा धरू नकोस. रागावलेल्याच राहतील थोडे दिवस. तुझे 1,400 मात्र बुडाले असं समजू नकोस. अशा कपातीविरुद्ध दावा करायला तीन वर्षांची मुदत असते आणि एकाच अर्जात कितीही जणींची नावं घालता येतात. तो अर्ज एकटीचा करू नकोस. ज्यांची नावं तू त्या वहीत लिहिलीस त्या सगळ्यांना विचार, आणि सगळ्यांत आधी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला. ती नाही म्हणाली तर ऐकून घे.