पाचशेचा स्टॅम्प पेपर आणि मुलीचे डॉलर

प्रश्न : वकीलकाकू, मी सांगलीत विश्रामबागेत माहेरी राहते. नवरा अमेरिकेत, न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मुलगी तिकडेच जन्मली, आता सहा वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला घेऊन परत आले, तिकीट नवऱ्यानंच काढलं होतं. गेल्या वर्षी तिथल्या कोर्टानं त्याला घटस्फोट दिला. कागद ईमेलवर आले, मी उत्तर दिलं नाही. निकालात मुलीसाठी महिना ७०० डॉलर आहेत, ताब्याबद्दल काही नाही. पाच महिने पैसे आले, मग बंद. परवा सासरे कऱ्हाडहून आले, नातीला खाऊ घेऊन. त्याच पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला : १५ लाख घे आणि विषय संपव. भाऊ म्हणतो, घे आणि बँकेत टाक. फोटो पाठवलाय. काय करू?

उत्तर : पोरी, सही करू नकोस. बाकीचं सावकाश बोलू.

फोटो मोठा करून वाचला. पाचशेचा पेपर, नोटरीची जागा कोरी. तुझं नाव तीनदा आणि लेकीचं एकदाच, तेही खाडाखोड करून : ‘सदर मुलीच्या पालनपोषणाबाबत लिहून देणार यापुढे कसलीही मागणी करणार नाही.’ या एका ओळीसाठी बाकीचा कागद टाइप केलाय. साताऱ्यात वकिली करताना असले पेपर मी ढिगानं पाहिले. त्यानं हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट होत नाही. आणि मुलीची पोटगी मुलीची असते, आईला ती सोडून देता येत नाही. तू सही केलीस तरी कोर्ट उद्या तिच्यासाठी रक्कम ठरवू शकतं. मग सहीला का घाबरायचं? कारण तोच कागद नाचवून समोरचा वकील दोन वर्षं तारखा घेईल.

भावाला हिशेब दाखव. १५ लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर महिना पावणेनऊ हजार. डॉलर ८० रुपयांनी धरला तरी ७०० डॉलरचे ५६ हजार होतात. मुलगी अठराची होईपर्यंत लाखभर डॉलर, म्हणजे ८० लाख. सासऱ्यांनी हा गुणाकार नक्की केला असणार.

आता तो निकाल. न्यू जर्सीत ‘आमचं पटत नाही’ एवढ्यावर घटस्फोट मिळतो, आपल्या कायद्यात ते कारणच नाही. १९९१ साली सुप्रीम कोर्टानं नरसिंह राव (पंतप्रधान नव्हेत, आंध्रातला एक नवरा) यांच्या खटल्यात सांगितलं : बायको त्या कोर्टापुढे आपखुशीनं गेली नसेल आणि कारण इथल्या कायद्यातलं नसेल, तर तो घटस्फोट इथं मानायचा नाही. म्हणजे तो तिकडे मोकळा आणि तू इकडे अजून बायको. त्या कागदाच्या भरवशावर दुसऱ्या लग्नाचं बोलणं कोणी काढलं तर थांबव. मोकळं व्हायचंच असेल तर दोघांच्या संमतीचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली सांगलीतच करता येतो.

पण घटस्फोट चालत नाही म्हणून ७०० डॉलरही बुडाले, असं नाही. बाप तिथं राहतो, त्याच्यावर पोटगी बसवायचा अधिकार त्या कोर्टाला आहे. आणि पैसा पगाराच्या गावी वसूल करणं सगळ्यात सोपं. तिकडे पोटगी कंपनीकडून थेट पगारातून कापून घेतात. तुला तो स्वतः पाठवत होता, म्हणजे कपात लागलेली दिसत नाही. त्याच कोर्टाकडे थकबाकी आणि पगारकपात माग, परदेशात राहणाऱ्या आईलाही मागता येते. फक्त अर्जात लिही की हे मुलीच्या पोटगीपुरतं आहे, घटस्फोट मला मान्य नाही.

तो हुकूम थेट सांगलीत बजावता येणार नाही. ज्यांच्या कोर्टाचे हुकूम इथं थेट बजावता येतात, त्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ मधल्या देशांत अमेरिका नाही. इंग्लंड, सिंगापूर आहेत, २०२० पासून दुबईवालेही आले.

म्हणून इथं वेगळा अर्ज लाव : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं आपलं पोटगीचं जुनं १२५. तू राहतेस तिथं तो चालतो. २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालापासून दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, तेव्हा दिवाळीनंतर बघू म्हणू नकोस. त्याचा डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचा तिकडचा दाखला), पगाराच्या स्लिपा, इथं त्याच्या नावावर फ्लॅट-जमीन असेल तर उतारे, जे हाताला लागेल ते गोळा कर. जप्ती त्यावरच येते. हुकूम झाल्यावर रक्कम थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत टाकायचा, उशीर झाला की ते महिने या वाटेनं मिळत नाहीत. अमेरिकेतून आलेले पाच हप्ते लपवू नकोस. आणि त्याच्या पगाराला ८० नं गुणून आकडा मागू नकोस, त्याचं घरभाडंही डॉलरमध्येच जातं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. लेक अमेरिकन नागरिक आहे आणि लहान मुलांचा तिथला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. सोळाच्या आतल्या मुलाला नवा काढायचा तर दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणजे डीएस-३०५३ फॉर्मवर त्याची सही. ती सही हेच त्याच्या हातातलं खरं हत्यार आहे. तडजोड कधी झालीच तर हे कलम आधी लिहून घे. नाहीतर ताब्याचा अर्ज इथंच कर : एकट्या आईकडे ताबा असल्याचा कोर्टाचा हुकूम असला की त्याच्या सहीवाचून सहसा अडत नाही. आज घरी गेल्यावर कपाटातून पासपोर्ट काढ आणि मुदत कधी संपते ते मला कळव.