आई-बाबांना घेऊन रोमला चार दिवस जायचंय, बेत कसा आखावा?

चार दिवस पुरतात, फक्त आधी वार बघा आणि मग तिकिटं काढा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट, पण ती रांग आई-बाबांना नकोच. बोर्गेझे गॅलरी हे चित्र-शिल्पांचं संग्रहालय सोमवारी बंद, शिवाय आगाऊ बुकिंग लागतंच.

कलोसियमच्या तिकिटातच रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाचे अवशेष, आणि शेजारची पॅलाटाइन टेकडी येते. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच टाका, दारावर तपासतात. फोरममधले जुने दगडी रस्ते भयंकर ओबडधोबड आहेत. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर सँडल नको, चांगले बूटच. तो भाग सकाळीच उरका आणि दुपार मोकळी ठेवा.

पॅन्थिऑन हे प्राचीन रोमन देऊळ मात्र निवांत बघा. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, 43 मीटर रुंद, आत सळई नाही की मधे आधाराला खांब नाही! वर मधोमध साधारण 9 मीटरचं उघडं भोक आहे. पाऊस सरळ आत पडतो आणि जमिनीतल्या छोट्या छिद्रांतून निघून जातो.

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ चोवीस तास वाहतात, पाणी पिण्याचंच असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, बाबांना दाखवाच.