एकाच व्हिडिओ गेमला कोणी १०पैकी ६ देतं, कोणी ९. रिव्ह्यू करणारे हे आकडे आणतात कुठून? पैसे घेतात का?

मी कोल्हापुरात नोकरी सांभाळून मराठीत गेमचे रिव्ह्यू करतो. इचलकरंजीत स्वतःचं चॅनेल सुरू करताय असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे, बेरीज-भागाकार करून आकडा काढायच्या फंदात पडू नका. ग्राफिक्स ९, आवाज ८, कथा ७, कंट्रोल्स ३. भागिले चार केलं की पावणेसात. ऐकायला बरा गेम वाटतो, पण कंट्रोल्स इतके भिकार असतील तर पोरं तासाभरात अनइन्स्टॉल करून मोकळी होतात. कथा चांगली आहे हे कळेपर्यंत थांबतंय कोण? पूर्वी काही मोठ्या साइट असे विषयवार मार्क द्यायच्या, आता बहुतेकांनी सोडलंय.

मी आधी अख्खा रिव्ह्यू लिहितो आणि आकड्याची जागा कोरी ठेवतो. मग विचार करतो, राजारामपुरीतल्या गेमिंग कॅफेत एखाद्या पोरानं विचारलं, "दादा, घेऊ काय?" तर तोंडातून काय निघेल? "डोळे झाकून घे" असेल तर ९. "असले गेम आवडत असतील तर घे" असेल तर ७ किंवा ८. "सेल लागू दे" म्हणजे ६. "नको रे बाबा" असेल तर त्याखाली नेमके किती, यावर मी फार डोकं खपवत नाही. किमतीचं मात्र मजकुरात लिहितो, आकड्यात धरत नाही. सोनीच्या पीएस५ कन्सोलची डिस्क ४,९९९ला असते आणि तोच गेम पुढं स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या सेलमध्ये अर्ध्यावर येतो. मग आकडा कुठल्या किमतीचा मानायचा?

एक उदाहरण देतो. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२०चा गेम, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली राजी, हातात दुर्गेचा त्रिशूळ आणि दुर्गा-विष्णूचं आपसात चाललेलं बोलणं. भिंतीवरची चित्रं बघत मी कितीदा तरी नुसताच उभा राहिलो. पण कॅमेरा आपल्या हातात नाही. त्यामुळे उडी मारताना पुढचा कठडा जवळ की लांब याचा अंदाज चुकतो आणि राजी खाली. मारामारी थोड्या वेळानं तीच तीच वाटते आणि गोष्ट रंगात आली म्हणेपर्यंत गेम संपतो. आपल्या मातीतला गेम म्हणून एक मार्क वाढवावा, असा मोह झाला होता. (कोल्हापूरकर पुण्याला फुकट मार्क द्यायला निघाला, यावरूनच गेम किती देखणा असेल ते समजा.) शेवटी ७ दिले आणि कौतुक मजकुरात भरभरून केलं. आपला म्हणून मार्क वाढवला असता, तर पुढच्या देशी गेमला दिलेल्या खऱ्या ८वर कोणी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या कोणाला तोच गेम ९चा वाटू शकतो, त्यात लबाडी नाही. जपानच्या 'फामित्सू' मासिकात चार जण वेगवेगळे दहापैकी मार्क देतात आणि बेरीज चाळीसपैकी छापतात. मतभेद वाचकाला तिथंच दिसतो, हे मला फार आवडतं.

खरी पंचाईत होते ती कुठल्या मशीनवर, कुठलं व्हर्जन खेळलं यावरून. २०१७ मध्ये आयजीएन या गेम साइटच्या रिव्ह्यू करणाऱ्याची 'प्रे' या गेमची सेव्ह फाइलच (खेळ कुठवर आला ते साठवणारी) पीसीवर करप्ट झाली, पुढं जाताच येईना. त्यानं ४ दिले. कंपनीचा दुरुस्तीचा पॅच आल्यावर तेच ८ झाले. लोकांनी चेष्टा केली, पण माझ्या मते दोन्ही आकडे बरोबर होते. पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याला ४चाच गेम मिळत होता. 'सायबरपंक २०७७' या गेमच्या वेळी उलटं झालं. रिलीजआधी रिव्ह्यूसाठी फक्त पीसीची कॉपी दिली होती, त्यामुळे मार्क भरघोस पडले. पीएस४वर मात्र गेमची अशी दैना होती की डिसेंबर २०२० मध्ये सोनीनं तो आपल्या स्टोअरवरूनच काढला. म्हणून मी वरच ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि गेमचं व्हर्जन लिहितो. आपल्याकडच्या निम्म्या कॉमेंट "माझ्या कार्डवर चालंल काय?" याच असतात, आणि आकड्यात त्याचं उत्तर नसतं.

१०पैकी ७ म्हणजे 'बरा' एवढंच, हेही ध्यानात ठेवा. मेटाक्रिटिक ही साइट सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी १००पैकी मांडते. तिथं सिनेमाला ६१ पासून 'चांगला'चा हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात. या आकड्यांवर लोकांचे पैसेही अडकलेले असतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनससाठी मेटाक्रिटिकवर ८५ हवे होते, मिळाले ८४. बोनस गेला.

पैशाचं म्हणाल, तर पाकीट वगैरे मला तरी कोणी दिलेलं नाही. दबाव वेगळ्या वाटेनं येतो. रिव्ह्यूसाठी कंपनीकडून फुकट मिळणारा गेमचा कोड पुढच्या वेळी येईल का, ही धाकधूक असते. मोठ्या साइटना जाहिरातदार असतात. २००७ मध्ये गेमस्पॉट साइटच्या जेफ गर्स्टमननं 'केन अँड लिंच'ला ६ दिले, तेव्हा त्याच साइटवर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याला कामावरून काढलं. त्यामागं जाहिरातदारांचा दबाव होता, हे त्यानं २०१२ मध्ये उघड सांगितलं.

तुमच्या चॅनेलवर सुरुवातीला आकडा देऊच नका. युरोगेमर या गेम साइटनंही २०१५ ते २०२३ आकड्यांशिवायच काढली. खासबागेतल्या मातीवरच्या कुस्तीसारखं ठेवा, गुण नाहीत, चितपट झाला की निकाल. 'घ्या', 'थांबा', 'सोडा' एवढं पुरे. आणि स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. तेव्हा पहिल्या दोन तासांत काय काय दिसतं, हे प्रत्येक रिव्ह्यूत वेगळं सांगा. बघणाऱ्याला आकड्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल.