‘संस्कृती पद्धती’ नव्हे, सक्तीची लागवड

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत डचांच्या जावामधल्या धोरणाला ‘संस्कृती पद्धती’ म्हटलं आहे. हा शब्द बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं? आणि जुन्या मराठीत डचांना ‘वलंदेज’ का म्हणत?

उत्तर : साफ चूक. हा शब्द मी व्याख्यानांत ऐकला आहे, टिपणांत वाचला आहे, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बॉश यांनी १८३० मध्ये जावावर, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या बेटावर, लादलेल्या पद्धतीचं डच नाव ‘कुल्टूरस्टेल्सल’. डच भाषेत ‘कुल्टूर’ म्हणजे संस्कृती, तशीच पिकाची लागवडही. इंग्रजी इतिहासकारांनी डोळे मिटून ‘कल्चर सिस्टिम’ केलं आणि आपण त्या इंग्रजीवरून ‘संस्कृती’. जळगावकडच्या केळीच्या शेतकऱ्याला विचारा. तो ‘टिश्यू कल्चर’ची रोपं लावतो, त्यांना ‘ऊतींची संस्कृती’ म्हणत नाही.

‘सक्तीची लागवड’ म्हणा. काही परिभाषाकार ‘अनिवार्य कृषिप्रणाली’ सुचवतात, ते मला अजिबात मान्य नाही. अनिवार्य म्हणजे जे टाळता येत नाही ते. म्हातारपण अनिवार्य असतं. भातखाचरात ऊस लावायला लावणं अनिवार्य नसतं, ते कुणीतरी लावायला लावलेलं असतं, आणि तो ‘कुणीतरी’ शब्दात दिसलाच पाहिजे. ‘वेठबिगार’ही पुरेसा नाही. इथे नुसते हात राबवून घेतले नाहीत, जमीनही अडकवली, आणि पिकाचे थोडेफार पैसे दिले जात. कागदावरचा नियम असा, की गावाने एक पंचमांश जमिनीवर सरकारला हवं ते पीक घ्यायचं, म्हणजे कॉफी, ऊस किंवा नीळ. ज्याला जमीन नाही त्याने वर्षाला ६६ दिवस राबायचं. प्रत्यक्षात जमीनही जास्त गेली आणि दिवसही. उसाला भाताचीच पाण्याखालची जमीन लागे. १८४० च्या दशकात चेरिबोन आणि डेमाक भागांत दुष्काळाने माणसं मेली, आणि त्याच काळात जावाचा पैसा हॉलंडच्या तिजोरीत जात होता. १८३१ ते १८७७ या काळात तो ८० कोटी गिल्डरच्या (गिल्डर हे डचांचं तेव्हाचं चलन) वर गेला.

पण खरा शब्द डचांचा नाहीच. इंडोनेशियात या प्रकाराला म्हणतात ‘तानाम पाक्सा’. तानाम म्हणजे लावणं, पेरणं. आणि पाक्सा? पाक्सा म्हणजे आपला ‘पक्ष’! शुक्ल पक्षातला, पितृपक्षातला. त्यांच्या भाषेत ‘मेमाक्सा’ म्हणजे जबरदस्ती करणं, ‘तेर्पाक्सा’ म्हणजे नाइलाजाने. पंख आणि बाजू या अर्थांचा शब्द जबरदस्तीपर्यंत कसा पोचला? माझं मत असं : पक्ष म्हणजे बाजू, मग वादातली आपली बाजू (आपल्या शास्त्रार्थातला पूर्वपक्ष आठवा), मग ती धरून बसणं, मग आग्रह, आणि शेवटी दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेला आग्रह. मराठीतही ‘पक्ष धरणं’ म्हणतानाच थोडा हट्ट ऐकू येतो. जावी भाषेने तो हट्ट शेवटपर्यंत नेला, एवढंच. ‘ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळवली’ असा आक्षेप यावर येतो. ज्यांना असं वाटतं त्यांनी एकट्या शब्दाकडे न पाहता शेजारचे शब्द पाहावेत. ज्या गावावर ही सक्ती आली ते गाव ‘देसा’, म्हणजे देश. जो स्थानिक सरदार डचांच्या वतीने पीक उगवून घेई तो ‘बुपाती’, म्हणजे भूपती. त्याला पिकाच्या प्रमाणात टक्केवारी मिळे, गोऱ्या अधिकाऱ्यांनाही मिळे. साखर ‘गुला’, आपला गूळ. नीळ ‘निला’. काम ‘केर्जा’, म्हणजे कार्य, आणि सक्तमजुरी ‘केर्जा पाक्सा’ : कार्य आणि पक्ष, दोन्ही शब्द आपल्या पूजेच्या पोथीत सापडतील. जावाच्या शेतकऱ्याला ज्या शब्दांनी राबवलं ते शब्द डच आले त्याच्या शेकडो वर्षं आधी तिथे रुजले होते. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री झोप लागली नाही.

निळीवर त्यांची एक म्हणही आहे : निळीच्या एका थेंबाने मडकंभर दूध नासतं. सक्तीच्या पिकांमध्ये शेतकऱ्यांना सगळ्यांत नकोसं पीक निळीचंच. म्हण त्यातूनच जन्मली असा दावा मी करणार नाही, पण ती ऐकताना मला दुसरं काही आठवत नाही.

वलंदेज राहिलाच. पोर्तुगीज लोक हॉलंडच्या माणसाला ‘ओलांदेझ’ म्हणत. गोव्याच्या शेजारामुळे तोच शब्द आपल्याकडे आला. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. सुरुवातीच्या ‘ओ’चा ‘व’ कसा झाला हे कुठल्याही खेड्यात ऐकायला मिळेल : ओळख–वळख, ओसरी–वसरी, तसा ओलांदेझ–वलंदेज.