वाशीला आमच्या डान्स ग्रुपचा कार्यक्रम आहे, आपोआप मागे फिरणाऱ्या ड्रोनने तो लाइव्ह शूट करता येईल का?

येईल हो, पण प्रयोग चालू असताना नका करू. मी ठाण्याचा, गडकरी, घाणेकर, तुमचं वाशीचं भावे अशा सगळ्या नाट्यगृहांत एकांकिका नि डान्सचे कार्यक्रम शूट करतो आणि हा हट्ट मी स्वतः एकदा करून बसलोय.

नशीब, रंगीत तालीम होती. २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन, फॉलो मोड लावला, स्क्रीनवर मेन डान्सरभोवती बॉक्स काढला, आणि पहिली दोन मिनिटं असला भारी शॉट आला की आम्ही सगळे खूश. मग लावणीत दोघी क्रॉस झाल्या, दोघींना सेम जांभळी नऊवारी, हा पठ्ठ्या दुसरीच्याच मागे निघाला. तेही चाललं असतं, पण तेवढ्यात लाइटवाल्याने ब्लॅकआउट दिला आणि ड्रोन अंधारात हळूहळू विंगेकडे सरकायला लागला, मला दिसतोय फक्त त्याचा बारीक दिवा, मी कंट्रोल हातात घेईपर्यंत वरच्या झालरीत जाऊन अडकला. शिडी आणून काढला, बॅकस्टेजवाल्यांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कारण साधं आहे. हॉलमध्ये जीपीएस मिळत नाही, मग हे छोटे ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमीन बघून जागेवर थांबतात. आपल्याकडे खाली काळं मॅटिंग, वर अंधार, त्याला दिसणार काय, कप्पाळ!

परदेशात करतात ना, असं म्हणाल. २०१४ मध्ये सर्क दु सोलेल ही कॅनडाची सर्कस कंपनी आणि झुरिकचं ईटीएच हे तंत्रविद्यापीठ यांनी लॅम्पशेड घातलेले ड्रोन माणसाभोवती नाचवले होते, पण तिथे चारी बाजूंनी लावलेले मोशन कॅप्चरचे कॅमेरे प्रत्येक ड्रोनची जागा सतत मोजत होते आणि सगळ्या हालचाली आधीच बसवलेल्या होत्या. शिवाय ते ड्रोन स्वतःच कलाकार होते, शूटिंग करत नव्हते. तो सेटअप आपल्या बजेटमध्ये नाही.

आवाजाचं वेगळंच. स्टेजच्या कडेला ठेवलेले माइक ती भुणभुण बरोब्बर उचलतात, आणि बॅटरी अर्धा तास म्हणतात ती प्रत्यक्षात वीस-बावीस मिनिटं धरा.

नॅनो, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला २०२१ च्या नियमांनुसार पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण हॉलच्या मॅनेजरची परवानगी लेखी घ्या. मैदानावर असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर कुठे उडवता येतं त्याचा नकाशा बघा, नवी मुंबईत आता विमानतळ आहे.

मी असतो तर प्रयोगाला बाल्कनीत मधोमध एक कॅमेरा, एक बाजूला, आवाज थेट मिक्सरवरून. ड्रोन फक्त रंगीत तालमीला, फॉलो बंद, पंखांना गार्ड, हाताने उडवून चार-पाच शॉट घ्यायचे, ब्लॅकआउट नको म्हणून लाइटवाल्याला आधी सांगायचं आणि ते शॉट एडिटमध्ये घुसवायचे. फक्त तालमीच्या दिवशीही सगळ्यांना प्रयोगासारखाच पूर्ण मेकअप करायला लावा, आमच्या व्हिडिओत एकीचा गजरा दर दहा सेकंदांनी येतो नि जातो.